बालाघाटावर चाकांचं घर चालेल का?

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा त्याने आरव्ही भाड्याने घेतली. कोलोरॅडोतल्या एका टुमदार डोंगरी गावाबाहेर आम्ही त्या गाडीतच राहिलो, तिच्यातच स्वयंपाक केला आणि दिवसभर आसपास भटकलो. आमचं मूळ गाव ईट, तालुका भूम. येत्या हिवाळ्यात मुलगा, सून आणि नातवंडं येणार आहेत. तशी गाडी घेऊन ईटला तळ ठोकावा आणि तिथून बालाघाट पाहावा, असं डोक्यात आहे. जमेल का? घरचे म्हणतात, हे खूळ आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : खूळ नाही, जमेल. फक्त कोलोरॅडोचं माप ईटला लावू नका. तिकडे गाव तळाशी आणि डोंगर वर. आपल्याकडे चढण संपली की डोंगरही संपतो आणि माळ सुरू होतो. बालाघाट हा पालथ्या परातीसारखा डोंगर, कडेला उतार आणि वर सपाटी. उंची साधारण साडेपाचशे ते साडेसातशे मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या निम्मी. त्यामुळे नातवंडांना ‘हिल स्टेशन’ म्हणून सांगून आणलंत तर ती पहिल्या दिवशीच हिरमुसतील. मोकळं आभाळ, पवनचक्क्या, ज्वारीची रानं आणि पहाटेची हुडहुडी असं सांगून आणा.

या डोंगराची खरी गंमत पाण्यात आहे. उत्तरेला पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा गोदावरीला जाऊन मिळते. भूमची बाणगंगा मात्र दक्षिणेला सीनेकडे जाते, सीना भीमेत आणि भीमा कृष्णेत. एकाच पठारावर पडलेला पाऊस दोन मोठ्या खोऱ्यांत वाटला जातो. नकाशा घेऊन हे मुलांना दाखवलंत तर पुढचा प्रवास त्यांना आपोआप कळत जाईल.

आता गाडीकडे वळू. या भागाला चाकांचं घर सोयीचं का, तर पाहण्याच्या जागा एका ठिकाणी नाहीत. कुंथलगिरी एकीकडे, खर्डा दुसरीकडे, सौताडा तिसरीकडे, परंडा डोंगराखाली. प्रत्येक ठिकाण तास-दीड तासात उरकतं, पण जवळपास बऱ्या मुक्कामाची सोय नसते. मग लोक बार्शीला, जामखेडला किंवा थेट तुळजापूरला लॉज घेतात आणि दिवसाचा निम्मा वेळ जाण्यायेण्यात घालवतात. अंथरूण आणि चूल बरोबर असेल तर हा हेलपाटा वाचतो.

गाडी मात्र लहान घ्या. अमेरिकेत तुम्ही पाहिलेली बसएवढी गाडी इकडे मिळणार नाही आणि मिळाली तरी आणू नका. आपल्याकडे भाड्याने मिळणारी घरगाडी बहुधा टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली असते. तीच या रस्त्यांना पुरे. पुण्याहून कुर्डुवाडी, बार्शी, भूम या वाटेने ती आरामात येते. अडचण शेवटच्या टप्प्यात, गावात शिरताना. लोंबकळत्या विजेच्या तारा, बाजारातली ताडपत्री, वळणावर बांधलेला ओटा, अशा अडथळ्यांची नोंद कुठल्याच नकाशात नसते. घरगाडीचं टपही नेहमीच्या गाडीपेक्षा उंच असतं. १८८५ साली इंग्लंडमध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल वैद्याने निव्वळ हौसेखातर दोन घोड्यांची घरगाडी बांधून घेतली. हौशी घरगाड्यांचा इतिहास तिथूनच सुरू होतो असं मानतात. या गृहस्थांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा आणि समोरून येणाऱ्यांना सावध करायचा. तुमच्याबरोबर मुलगा आहे. गल्ली अरुंद दिसली की त्याला खाली उतरवून पुढे चालायला लावा.

दुसरी सावधगिरी जमिनीची. माळावर मुरूम आहे, तिथे गाडी निर्धास्त उभी करा. खालच्या अंगाला काळं रान आहे. त्यात अवकाळीची एक सर आली तरी चाक तुंब्यापर्यंत रुततं. परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी ‘मुलूख मैदान’ ही तोफ होती, सुमारे ५५ टनांची. १६३२ मध्ये ती इथून विजापूरला नेली. तिला ४०० बैल आणि १० हत्ती जुंपले होते असं परंपरा सांगते. आकडे कमीजास्त असतील, पण या मातीतून वजन ओढायला काय लागतं ते त्यावरून समजावं. तुमच्या मदतीला फार तर एक ट्रॅक्टर येईल, तोही मालक शेतात असेल तर.

आणि अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. तुम्ही येणार तो उसाच्या गाळपाचा हंगाम. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. पुष्कळांना मागे ना दिवा ना परावर्तक, आणि ऊस बाहेर लोंबत असतो. ट्रॉली समोर आहे हे अगदी जवळ गेल्यावर कळतं. सूर्य मावळायच्या आत जागा धरा आणि सकाळी उजाडल्यावर हला.

जागा कुठे धरायची हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. अमेरिकेतल्या तळावर काय असतं ते तुम्ही पाहिलंच आहे. पैसे भरायचे, आखून दिलेल्या चौकटीत गाडी लावायची, नळ आणि वीज जोडायची, मैल्याची टाकी ठरलेल्या तोंडातून रिकामी करायची. कोणाशी एक शब्द न बोलता आठवडा काढता येतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात असे तळ उभे करण्याचा विचार आहे. पण ईटला पोहोचून असा तळ शोधू नका. इथे जागा मागून मिळते, आणि मागण्याची रीत जुनी आहे.

धनगरांचे कळप या माळावर पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहेत. धनगर ज्याच्या रानात उतरतो त्याला आधी विचारतो. रात्रभर मेंढ्या बसतात, रानाला खत मिळतं आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. मुक्कामाने दोघांचाही फायदा होतो. तुमची गाडी मात्र शेतात काही सोडून जाणार असेल तर ते खत नसेल, हे विचारताना मनात असू द्या. रान उभ्या पिकाचं नको. बांधालगतची पडीक जागा, आखाड्याशेजारची मोकळी जागा, शाळेला सुट्टी असेल तर ग्रामपंचायतीला विचारून पटांगण, असं काही पाहा. तुमचं तर मूळ गाव आहे, भावकीतला कोणीतरी वस्तीवर राहत असेलच. गाडी त्याच्या दारात लावा. तो घरात झोपायचा आग्रह करील. एक रात्र झोपा, नाहीतर त्याला वाईट वाटेल.

पैसे द्यायचे का? भाडं म्हणून काढलेत तर बहुतेक जण हात आखडतील. कृषी पर्यटन केंद्र असेल तर अर्थात ठरलेला दर द्या. एरवी त्यांच्याकडचं दूध, भाजी, अंडी, खवा चांगल्या भावाने विकत घ्या.

पाण्याचं जपून करा. अशा गाडीत ऐंशी-शंभर लिटरची टाकी असते. चौघा-पाचांनी शहरी सवयीने आंघोळी केल्या तर ती सकाळीच संपते. पिण्यासाठी गावातल्या शुद्ध पाण्याच्या केंद्रावरून २० लिटरचे जार भरा. टाकी कोणाच्या बोअरवर भरून घ्यायची ती मोटार चालू असण्याच्या वेळेला, म्हणजे थ्री फेजची लाईट कधी असते ते विचारून. डिसेंबर-जानेवारीत कोणी नाही म्हणणार नाही. एप्रिल-मेमध्ये पावसाने ओढ दिलेल्या वर्षी हाच भाग टँकरकडे डोळे लावून बसतो. तेव्हा आंघोळीसाठी पाणी मागणं बरं दिसत नाही, म्हणून उन्हाळ्यात ही सहल करूच नका.

मैल्याचं त्याहून नाजूक. या गाड्यांमधल्या शौचालयाला खाली सुटी पेटी असते, ती साधारण २० लिटरची, म्हणजे कुटुंबाला एक-दोन दिवस पुरते. ती ओढ्यात, चारीत किंवा विहिरीच्या अंगाला ओतायची नाही हे सांगायला नको. वस्तीवरच्या संडासात ओतायची तर त्या घरच्या बाईमाणसांना आधी विचारा, कारण तो साफ त्या ठेवतात. दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर पेटीत दुर्गंधीनाशक म्हणून टाकतात ती तीव्र रसायनं वापरू नका. खड्ड्यातल्या मैल्याचं खत जिवाणू करतात आणि ते रसायन त्यांनाच मारतं. जैविक विकरांची पावडर मिळते, ती घ्या. भांड्यांचं पाणी झाडांना चालतं, पण राख किंवा सौम्य साबण वापरला असेल तर.

विजेची चिंता नको. मराठवाड्यात ऊन फुकट आहे. टपावर सौर पट्टी आणि खाली १०० अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर तिच्यात सव्वा युनिटच्या आसपास वीज साठते. दिवे, पंखा, मोबाईल, छोटा फ्रीज यांना तेवढी पुरते. त्यावर एसी लावलात तर तासाभरात अंधार. थंडीत एसी लागतही नाही.

आता फिरायचं. कुंथलगिरी सकाळी करा. हे दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र, देशभूषण आणि कुलभूषण या मुनींचं निर्वाणस्थान. जैन रामकथेत राम-लक्ष्मणांनी याच मुनींवरचं संकट दूर केल्याचा प्रसंग येतो. आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी इथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. टेकडीवरची शुभ्र मंदिरं दुरून दिसतात आणि वर गेलं की पठाराचा पसारा नजरेत येतो. गाडीत चूल असली तरी पायथ्याला सामिष काही शिजवू नका. क्षेत्राचा मान राखायचा.

याच भागाचा खवा नावाजलेला. कुंथलगिरीच्या खव्याला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळालं. कोरडवाहू डोंगरी तालुका, जनावरं भरपूर, पण दूध नासायच्या आत शहरात पोहोचवायची वानवा. म्हणून ते आटवायचं. पाच लिटरच्या आसपास गाईचं दूध आटवलं की किलोभर खवा पडतो. म्हशीचं थोडं कमी लागतं. भट्टीवर लोखंडी कढई, खाली लाकूड, आणि हात थांबला की दूध करपतं. कोणी परवानगी दिली तर मुलांना भट्टी दाखवा. पेढे हमरस्त्याला मिळतात, पण मी म्हणेन ताजा खवा घ्या आणि रात्री गाडीतल्या चुलीवर त्यात साखर घालून परता. फ्रीज आहे म्हणून तो दोन दिवस टिकेल. एरवी या दिवसांतही तो लवकर आंबतो.

खर्ड्याला दुपारनंतर जा. ११ मार्च १७९५ ला या परिसरात मराठे आणि निजाम अली यांची लढाई झाली. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सगळे सरदार पेशव्याच्या जरीपटक्याखाली एकत्र आले. अशी एकजूट पुन्हा दिसली नाही. सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. निजामाकडे रेमंड या फ्रेंच अधिकाऱ्याची कवायती पलटण होती, पण निजाम रात्रीच मागे सरून खर्ड्याच्या गढीवजा किल्ल्यात शिरला आणि कोंडला गेला. त्याच्या बरोबर जनानखाना होता आणि तिथल्या घबराटीमुळे तो हटला असं जुने इतिहासकार लिहितात. सगळं घर बरोबर घेऊन निघण्याचा हा एक तोटा! किल्ला लहान आहे, आत फारसं उरलेलं नाही. तटावर चढून भोवतालचा मोकळा मुलूख पाहिला की दोन फौजा इथे कशा मावल्या ते उमगतं.

परंड्याचा भुईकोट त्याहून देखणा. खंदक, दुहेरी तट, आत अजून पडून असलेल्या तोफा. अहमदनगर १६०० साली मोगलांनी घेतल्यावर निजामशाहीची राजधानी काही काळ इथे होती. त्याच वाटेवर सोनारीचा काळभैरवनाथ. तिथे माकडं फार, गाडीची खिडकी उघडी टाकून दर्शनाला गेलात तर रात्रीचा स्वयंपाक नव्याने करावा लागेल. येरमाळ्याची येडेश्वरी आडदिवशी निवांत असते. चैत्र पौर्णिमेला लाखोंची गर्दी लोटते, त्या दिवसांत घरगाडी तिकडे नेऊ नये. येडशीचं रामलिंग दिवसा पाहून परत या. ते अभयारण्य आहे, मुक्काम करता येत नाही. शिवाय यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात दिसला. त्यानंतर या डोंगरात रात्री उघड्यावर जनावरं बांधतानाही लोक विचार करतात.

एक शेवटचं. दसरा-दिवाळीनंतर याच रस्त्यांवरून ट्रक जातात. पेटी, भांडी, सरपण, कोंबड्या, एखादी शेळी आणि वर बसलेली माणसं. बीड-धाराशिवची ऊसतोड कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या गावी निघालेली असतात, आणि पुढचे पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत राहतात. बालाघाटाला चाकांवरचा संसार नवा नाही. तुमच्या गाडीत बिछाना मऊ आहे आणि परतीची तारीख तुम्ही ठरवली आहे, एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे. म्हणून गाडीचं कौतुक सांगताना थोडं हात राखून. कोणी ‘आत बघू का?’ म्हणालं तर आनंदाने दाखवा, पण किंमत सांगत बसू नका.

मुक्काम चार रात्रींचा ठेवा. जानेवारीत आलात तर हुरड्याचे दिवस असतील. आगटीभोवतीची ती संध्याकाळ गाडीत बसून घालवली तर मात्र घरचे म्हणतात ते खरं मानेन.

प्रश्न : माझ्याकडे जुना मालवाहू टेम्पो आहे. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून त्यात बर्थ, ओटा आणि शौचालय बसवून घेतलं तर चालेल का? – एक वाचक, भूम

उत्तर : बनेल छान, पण कायद्यात बसणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रात लिहिलेला वाहनाचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. मालवाहू गाडीत माणसं झोपवणं हा तर सरळ वेगळा प्रकार झाला. घरगाडीसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्याप्रमाणे बांधणी करणाऱ्याकडून काम करून घ्या आणि आरटीओत नोंद बदलून घ्या. नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील.

तोवर सोपी वाट अशी की घरच्या मोठ्या कारमध्ये मागची सीट पाडून फळी आणि गादी टाका, चूल आणि पाण्याचे कॅन सुटे ठेवा, जोडीला तंबू घ्या. काहीही वेल्ड करू नका. स्वयंपाक गाडीबाहेर करा. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत घालू नका, पाच किलोचा पुरतो. तोही उभा आणि घट्ट बांधलेला हवा, शिवाय तो ठेवाल त्या खणाला तळाशी भोक पाडलेलं हवं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. वरची खिडकी उघडी असल्याने काही साधत नाही.

प्रश्न : सौताड्याच्या धबधब्यापाशी पावसाळ्यात गाडी लावून रात्र काढता येईल का? – एक वाचक, जामखेड

उत्तर : दिवसा जरूर पाहा, रात्र काढू नका. विंचरणा नदी तिथे कड्यावरून थेट दरीत पडते आणि रामेश्वराचं मंदिर खाली दरीच्या तळाशी आहे. वर पाटोद्याकडे जोराचा पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर थेंब नसतानाही पाणी वाढतं. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, कठड्यापलीकडे जाऊन फोटो काढू नका. गाडी वर, डांबरी रस्त्यालगत कठीण जागेवर लावा आणि मुक्कामाला जामखेडला परत या. ऑगस्ट-सप्टेंबरात दोन-चार दिवस चांगला पाऊस झाल्यावर गेलात तर धार जोरात असते. दिवाळीच्या सुमाराला ती बारीक होते, पण तेव्हा बालाघाटातली सीताफळं रस्त्याकडेला पाटीने मिळतात. डोळे उमललेली निवडा, दाबून बघू नका, विकणारी बाई रागावते.